डेबियन टेस्टिंग रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर टाकू का? (मशीन एकच आहे)

बावधनचा_बाळू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात नवीन लॅपटॉप घेतला, जुना बहिणीला दिला, आता माझ्या नावावर घरात हे एवढंच मशीन. नेहमीप्रमाणे डेबियन लिनक्सचं १३, म्हणजे त्यांची पक्की 'स्टेबल' आवृत्ती, टाकलं कारण कॉलेजपासून डेबियनच वापरतोय आणि जुन्या लॅपटॉपवर त्याने कधी कुरकुर केली नाही. पण या नव्यावर वायफायच लागत नाहीये. ब्लूटूथ पण नाही. सध्या फोनला केबल लावून नेट घेतोय, फोन दिवसभर तापलेला असतो आणि कुणाचा कॉल आला की नेट जाईल का ही भीती वेगळीच.

हिंजवडीत एक मित्र आहे, तो म्हणतो स्टेबल म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, टेस्टिंग टाक, सगळं ताजं मिळतं, तो स्वतः कित्येक महिने टेस्टिंगवरच आहे आणि त्याच्या मते नाव उगाच टेस्टिंग, चालतं बाकीच्यांच्या फायनलपेक्षा बरं. आता तो सांगतो तेव्हा सगळं सोपंच वाटतं पण त्याच्याकडे कंपनीचा दुसरा लॅपटॉप आहे हे तो सोयीस्कर विसरतो.

माझं काम म्हणजे छोट्या दुकानांच्या वेबसाइट, दुपारी तीननंतर क्लायंटचे व्हिडिओ कॉल, आणि आई सोसायटीची सेक्रेटरी आहे त्यामुळे नोटिसा आणि मीटिंगचं इतिवृत्त मराठीत टाइप करणं हे खातं पण माझ्याकडेच. गेम खेळत नाही. टर्मिनलला घाबरत नाही पण मंगळवारी सकाळी उठून काळी स्क्रीन बघायची हौस पण नाही.

तर ज्यांनी टेस्टिंग, सिड किंवा कुठलीही बीटा ओएस खरंच रोजच्या वापराला ठेवली आहे त्यांनी सांगा, किती वेळा तोंडावर पडलात? आणि "डिपेंड करतं" असं उत्तर नको प्लीज.

सदाशिव_पेठी

डिपेंड करतं.

रागावू नकोस रे. एकच मशीन, त्याच्यावरच पोट, मग नको. दुसरं असेल तर खुशाल. मित्राला विचार, तुझं टेस्टिंग झोपलं तर तो कंपनीचा लॅपटॉप तुला देणार आहे का.

जुना_पेंग्विन

मी २००८ पासून लिनक्सवर आहे, अल्फा-बीटा सगळं करून झालंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी टेस्टिंग म्हणजे काय ते नीट समजून घे कारण मित्राने अर्धंच सांगितलंय. नवीन पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, त्यालाच सिड म्हणतात. तिथे ते काही दिवस मुरतं, साधारण २ ते १० दिवस, किती ते अर्जन्सीवर, आणि तेवढ्यात कुणी गंभीर बग टाकला नाही आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस पण तयार असली तर ते आपोआप टेस्टिंगमध्ये उतरतं. म्हणजे टेस्टिंग हे गाळून घेतलेलं सिड. ऐकायला फार छान, पण गाळणी तुंबली की चांगलं पण वरच अडकतं ना! सिक्युरिटीचा फिक्स स्टेबलला सिक्युरिटी टीम थेट देते, सिडमध्ये मेंटेनर स्वतः टाकतो, आणि टेस्टिंगवाला खाली वाटी धरून बसलेला. माझ्या मते टेस्टिंगचा खरा तोटा हा आहे. मोडतोड होतेच असं नाही, दुरुस्ती उशिरा पोचते.

दुसरं म्हणजे टेस्टिंगचा स्वभाव वर्षभर सारखा नसतो. ट्रिक्सी, म्हणजे तुझं डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, त्याच्या आधीचे काही महिने फ्रीज होता, फ्रीजमध्ये नवीन आवृत्त्या जवळजवळ बंद, नुसते बग बुजवायचं काम. त्या काळात टेस्टिंग टाकणारा प्रत्येक जण तुझ्या मित्रासारखंच बोलतो. मग रिलीज झालं की धरणाचे दरवाजे उघडावेत तसं अडवून ठेवलेलं सगळं एकदम येतं. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पुलाचं काय होतं ते तुला माहीत आहेच.

आणि एकदा गेलास की परत नाही. टेस्टिंगवरून स्टेबलला उतरणं म्हणजे लक्ष्मी रोडला उलटं शिरणं, अधिकृत रस्ताच नाही, फॉरमॅट मारून नव्याने टाकायचं. एक मधला मार्ग आहे तो म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची ते लिहिलेल्या सोर्सेसच्या फाइलमध्ये 'टेस्टिंग' न लिहिता 'फोर्की', म्हणजे पुढच्या डेबियनचं नाव, लिहायचं, मग फोर्की ज्या दिवशी स्टेबल होईल त्या दिवशी तूही आपोआप स्टेबलवर असशील. 'टेस्टिंग' लिहिलंस तर जन्मभर टेस्टिंगवरच, फोर्कीच्या पुढच्याच्या मागे फरफटत.

आता तोंडावर पडण्याचं विचारलंयस म्हणून. २००८ च्या सप्टेंबरात २.६.२७ कर्नलच्या (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) प्री-रिलीजमध्ये असा बग होता की इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवाल्या नेटवर्क कार्डांची ईईप्रॉम, म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरीच, खराब व्हायची. सॉफ्टवेअर नव्याने टाकून उपयोग नाही, कार्डच गेलं. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, मँड्रिव्हा सगळ्यांच्या अल्फा-बीटामध्ये तो कर्नल होता. मूळ दोष शेवटी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये निघालाच नाही, कर्नलमधल्या एफट्रेस नावाच्या भलत्याच भागात निघाला. मी तेव्हा उबुंटूचा अल्फा टाकायचा म्हणून सीडी राइट करून ठेवली होती आणि परीक्षा होती म्हणून टाकला नाही. आयुष्यात परीक्षेचा झालेला एकमेव उपयोग. असं रोज होत नाही, पण "फार फार तर काय होईल, रिइन्स्टॉल करू" म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

गुरुवारी_लाईट_जाते

पेंग्विनकाकांचं सगळं मान्य पण एवढं घाबरवू नका हो त्याला. मी सहा वर्षं सिडवर आहे, टेस्टिंग पण नाही, थेट सिड, आणि हाच माझा एकमेव डेस्कटॉप. मोजून तीनदा पडलो. त्यातल्या दोन चुका माझ्याच.

पहिली म्हणजे नावातच आहे. गुरुवारी सकाळी अपडेट सुरू केलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती हे तेव्हा कळलं. अर्धी पॅकेजेस उघडलेली, अर्धी लागलेली, डेस्कटॉप उठेना. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन डीपीकेजीला (पॅकेजेस लावणारा प्रोग्रॅम) 'राहिलेलं सगळं कॉन्फिगर कर' म्हटलं, वीस मिनिटांत उभं राहिलं. (कमांड देवनागरीत लिहितोय, तशाच्या तशा टर्मिनलमध्ये डकवू नका, मागे एकाने डकवली होती.) लॅपटॉपला बॅटरी असते त्यामुळे बाळूला हा प्रश्न नाही.

दुसरी मोठी. मार्च २०२४. ३२ बिटवाल्या मशीनवरचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपतं, त्याची सोय म्हणून डेबियनने वेळ मोजणाऱ्या लायब्ऱ्या बदलायला घेतल्या, ढिगाने पॅकेजेसच्या नावामागे टी६४ असं शेपूट लागलं. आता माझं मशीन ६४ बिटचं, माझं घड्याळ ठणठणीत, पण नावं सगळ्यांचीच बदलली. त्या आठवड्यांत फुल-अपग्रेड म्हटलं की ॲप्ट (अपडेट आणणारा प्रोग्रॅम) एक भलीमोठी यादी दाखवायचं, ही ही पॅकेजेस काढून टाकणार, चालेल का? मी चहाचा कप हातात आणि नजर टीव्हीवर, वाय दाबलं. त्या यादीत माझा अख्खा डेस्कटॉप होता. म्हणजे त्याने विचारलं होतं, रीतसर विचारलं होतं, मीच वाचलं नाही. तेव्हापासून 'रिमूव्ह' या शब्दाखाली ओळखीचं नाव दिसलं की मी सरळ नाही म्हणतो आणि चार दिवस थांबतो, चार दिवसांत बहुतेक वेळा आपोआप निवळतं.

बाकी मी एवढंच करतो, ॲप्ट-लिस्टबग्ज लावलंय, ते अपडेटच्या आधीच ओरडतं की या पॅकेजवर गंभीर बग आहे, नको घेऊ. दर आठवड्याला टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे मोडलं तर मागे जायला सिस्टिमची प्रत. आणि अपडेट शनिवारी रात्री, म्हणजे मोडलं तर रविवार हाताशी. तिसऱ्या वेळचं सांगत नाही, त्यात बायकोचं पीएफचं काम अडकलं होतं आणि घरात तो विषय अजून बंद झालेला नाही.

सदाशिव_पेठी

सहा वर्षं सिडवर आणि मार्च २०२४ ची दुसरी गोष्ट विसरलात की काय? एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं साधन. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चक्क मागचा दरवाजा ठेवलेला होता, त्यातून एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) सर्व्हरमध्ये घुसता यायचं. २९ मार्चला जाहीर झालं. सापडलं कुठे? डेबियन सिड आणि टेस्टिंग, फेडोराचं रॉहाइड, ओपनसुसेचं टंबलवीड. डेबियन स्टेबलवाले आम्ही म्हातारे निवांत झोपलो होतो, आमच्याकडे ती आवृत्ती आलीच नव्हती. उबुंटू २४.०४ ची बीटा तर यापायी आठवडाभर पुढे ढकलून ११ एप्रिलला काढली, सगळी पॅकेजेस नव्याने बांधून. नवीन सगळं आधी मिळतं म्हणता ना, हेही आधी मिळालं.

गुरुवारी_लाईट_जाते

विसरलो नाही. पण सापडलं कुणाला तेही सांगा की. आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस, सिड वापरत होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खातंय, एवढ्यावरून तो खणत गेला. तो सिडवर नसता तर ते गाळणीतून उतरत उतरत पुढच्या स्टेबलमध्ये तुमच्या उशाशी आलं असतं. तुमची झोप आमच्यामुळे आहे काका.

आणि दुरुस्तीच्या पॅकेजचा नंबर आठवतो का, ५.६.१ प्लस रिअली ५.४.५. म्हणजे नाव नवीन, आत माल जुना. असा नंबर पुणेरी माणसालाच सुचावा.

सदाशिव_पेठी

ही गोष्ट मान्य. तो अर्धा सेकंद आमच्या लक्षात आला नसता. पण बाळूच्या पण नसता आला, मुद्दा तो आहे.

शुद्धलेखन_ताई

मी वेगळंच सांगते कारण बाळूने मराठी टायपिंगचा उल्लेख केलाय आणि त्यावर कुणीच बोललं नाही, नेहमीसारखं.

मी डीटीपी आणि मुद्रितशोधन करते, अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन प्रकाशकांचं काम येतं. लिनक्सवर यायचं कारण पैसे, लपवत नाही. गेल्या वर्षी मुलाने हौसेने टेस्टिंग घालून दिलं. चाललं हो, छान चाललं, दिसायला पण सुंदर. एका अपडेटनंतर कीबोर्डांची यादी रिकामी झाली, मी घाईत त्यातल्या त्यात ओळखीचं नाव निवडलं आणि काम पुढे सुरू केलं. आता 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्ता असलेला ऱ घेऊन आणि एक साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर घालून. स्क्रीनवर दोन्ही जुळ्या भावांसारखे. पण शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा सापडत नाही! माझ्या हस्तलिखितात पहिली नव्वद पानं एका प्रकारची आणि पुढची दुसऱ्या. 'सुऱ्या', 'पायऱ्या', 'बिचाऱ्या', सगळ्यांची हीच गत. फाइंड-रिप्लेस करून मी निर्धास्त, आणि शेवटच्या प्रुफात लेखकाने फोन केला की ताई अहो हे अर्धंच बदललंय. दोन रात्री गेल्या.

दोष माझा, कीबोर्ड न बघता निवडला. पण सांगायचं काय, तुम्ही सगळे मोडलं म्हणजे काळी स्क्रीन असं धरून चालता. काळी स्क्रीन परवडली, निदान कळतं तरी. मराठीत मोडतं ते असं मोडतं, सगळं चालू असताना.

आणि दुसरी बाजू पण आहे. हे असले घोळ इंग्रजीत टाइप करणाऱ्या माणसाला कधीच दिसणार नाहीत. आपण बीटावर मराठी टाइप केलं नाही तर तो बग सरळ फायनलमध्ये जाणार, तिथून एलटीएसमध्ये (वर्षानुवर्षं सांभाळलेली आवृत्ती), मग पाच वर्षं तोच. लोहित फॉन्टचं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी केलंय, फेडोरावाले रिलीजच्या आधी टेस्ट डे ठेवतात त्यात फॉन्ट आणि टायपिंग तपासतात, पण तपासायला मराठीवाले किती येतात? म्हणून मी टेस्टिंग काढून टाकलं नाही. वेगळ्या पार्टिशनवर ठेवलंय, रविवारी तासभर त्यावर टाइप करते, काही दिसलं की मुलाच्या मदतीने रिपोर्टबगमधून कळवते. पोटाचं काम स्टेबलवर.

कॅनरी_वार्ड

विंडोजवाला पण बोलू का इथे? हाकलू नका. मायक्रोसॉफ्टचा इन्सायडर प्रोग्रॅम, म्हणजे विंडोजची बीटा वापरून बघायची योजना, २०१४ ला सुरू झाला तेव्हापासून आत आहे. आमच्याकडे चार पिंजरे आहेत, कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रीव्ह्यू. शेवटच्या दोनमध्ये रोजचं काम होतं, रिलीज प्रीव्ह्यू तर जवळजवळ फायनलच. पहिल्या दोनमध्ये गेलं की बाहेर यायला क्लीन इन्स्टॉल, पहिल्या दहा दिवसांत मागे फिरलात तर ठीक. शिवाय प्रीव्ह्यू बिल्डला एक्सपायरी असते, दुधाच्या पिशवीसारखी, अपडेट घेत राहिलं नाही तर नासतं.

मी एकदा हौसेने डेव्ह टाकला आणि ऑफिसच्या व्हीपीएनने मशीनला ओळखच दाखवली नाही. आयटीवाल्याने स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातला वॉटरमार्क बघितला, मग माझ्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही. ते जास्त लागलं.

पण ताईंचा मुद्दा एक नंबर. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चं १८०९ अपडेट आलं, २ तारखेला आलं आणि ६ ला थांबवलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच उडाल्या. पुढे कळलं की काही इन्सायडरांनी हे आधीच फीडबॅकमध्ये टाकलं होतं, पण त्यांना व्होट मिळाले नाहीत म्हणून ते खाली गाडले गेले. तर बीटा वापरणं एक आणि बग कुणाच्या तरी डोळ्यांपर्यंत पोचणं दुसरं. शेवटी नोव्हेंबरच्या १३ तारखेला ते पुन्हा आलं.

बावधनचा_बाळू

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. ताई, तुमचं वाचून आईच्या जुन्या नोटिसा उघडून बघितल्या, त्यात 'सभासदांच्या गाऱ्हाण्यांचा' मध्ये पण दोन प्रकार निघाले, आणि ते मी स्टेबलवरच टाइप केलेत, त्यामुळे बीटाला दोष देऊन सुटका नाही.

वायफायचं अजून तसंच आहे. बूटचे मेसेज बघितले तर त्यात 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड' असं काहीतरी येतंय. कार्ड यादीत दिसतंय म्हणजे मेलेलं नाही. मला खरं सांगायचं तर टेस्टिंग नकोच आहे, वायफाय हवंय.

जुना_पेंग्विन

अरे मग हे आधी सांगायचंस ना, आम्ही इथे एवढी रामकथा लावली! तुला टेस्टिंगमधल्या हजारो पॅकेजेसपैकी दोन हवीत, कर्नल आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर). ट्रिक्सीबरोबर ६.१२ कर्नल आलाय आणि तुझं मशीन त्याच्यापेक्षा तरुण आहे, तो तरी काय करणार.

ट्रिक्सी-बॅकपोर्ट्सची एक ओळ सोर्सेसमध्ये घाल, शेवटी नॉन-फ्री-फर्मवेअर लिहायला विसरू नको. बॅकपोर्ट्स म्हणजे टेस्टिंगमधलंच पॅकेज, फक्त स्टेबलवर चालेल असं नव्याने बांधलेलं. घाबरू नको, ओळ घातली म्हणून सगळं बदलत नाही, तू नाव घेऊन मागशील तेवढंच तिथून येतं, पुढे त्या पॅकेजचे अपडेट मात्र तिथूनच येत राहतात. कर्नल आणि तुझ्या कार्डाचं फर्मवेअर दोन्ही एकदम घे, नुसता कर्नल नवीन आणि फर्मवेअर जुनं असं केलंस तर पुन्हा हाच मेसेज. जुना कर्नल काढू नको, बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत खाली राहू दे, नवा रुसला तर जुन्यावर बूट करायचं.

आणि हे करण्याच्या आधी अर्ध्या तासाचं काम, नवीन कर्नलवाल्या कुठल्याही डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बघ. त्यावर वायफाय आलं तर बॅकपोर्ट्सने यायची आशा आहे. तिथेही नाही आलं तर टेस्टिंग टाकून पण काही होणार नव्हतं, मग तपकीर गल्लीत जाऊन छोटा यूएसबी डोंगल घे आणि विषय संपव.

गुरुवारी_लाईट_जाते

तपकीर गल्ली नाही हो काका, तापकीर गल्ली.

जुना_पेंग्विन

ऑटोकरेक्ट. ताईंना बोलावू नका.

बावधनचा_बाळू

लाइव्ह पेनड्राइव्हवर वायफाय आलं! मग बॅकपोर्ट्समधून दोन्ही घेतलं, रीबूट, आणि शेजारच्या तीन बिल्डिंगची नेटवर्कं दिसली. ब्लूटूथ पण आलं, फक्त लॅपटॉप झोपून उठला की हेडफोन पुन्हा जोडावा लागतो. ते चालवून घेईन.

मित्राला सांगितलं. तो म्हणतो बॅकपोर्ट्स म्हणजे म्हाताऱ्यांना दिलेली काठी.

ताई, एक विचारायचं होतं. जुनी एक १२० जीबीची एसएसडी पडून आहे, ती यूएसबी केसमध्ये घालून त्यावर टेस्टिंग टाकतोय, फक्त मराठी टायपिंग बघायला. तुम्ही कुठला कीबोर्ड वापरता, इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण मांडणी) की फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून)? वेगवेगळे घेतले तर दोन्हीकडचं बघून होईल.

शुद्धलेखन_ताई

इनस्क्रिप्ट. तू फोनेटिक घे. 'गाऱ्हाणं' पासूनच सुरुवात कर, आणि टाइप केलेलं जपून ठेव, मिटवू नको, बग टाकताना लागतं.